मशीन चुकलं, हे आधी कोणाला कळतं?

पोस्ट मोठी आहे. सवडीने वाचा, पण वाचा.

'एआय' आता दवाखान्यापर्यंत आलं आहे. छातीचा एक्स-रे काढला की डॉक्टरच्या आधी कॉम्प्युटर तो वाचतो. शिबिरात डोळ्याच्या पडद्याचा फोटो काढतात आणि शुगरमुळे डोळा खराब होतोय का, ते सॉफ्टवेअर सांगतं. यावर आपल्याकडे दोनच सूर ऐकू येतात. एक म्हणतो, 'आता डॉक्टरची गरजच काय?' दुसरा म्हणतो, 'मशीनच्या हाती जीव द्यायचा कसा?'

मला दोन्ही सूर कामाचे वाटत नाहीत. मशीन चुकणार. डॉक्टरही चुकतात, आपण सगळेच चुकतो. खरा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. मशीन चुकलं हे कोणाच्या लक्षात येणार, त्याने ते कोणाला सांगायचं, आणि सांगितल्यावर ऐकायला कोणी बसलंय का? हा प्रश्न नवा नाही. गेल्या पन्नास वर्षांत तो अनेक रुग्णालयांत विचारला गेला आणि काही ठिकाणी उत्तर मिळेपर्यंत माणसं गेली. तो इतिहास आपल्या दारात मशीन येण्याआधी माहीत असलेला बरा.

सुरुवात चांगल्या गोष्टीपासून करू. साल १९७२, इंग्लंडमधलं लीड्स शहर. डॉ. डी डोंबल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अचानक पोटात दुखायला लागलेल्या ३०४ रुग्णांवर एक प्रयोग केला. रुग्णाची लक्षणं कॉम्प्युटरला द्यायची आणि अपेंडिक्स आहे, पित्ताशय आहे की आणखी काही, याचा अंदाज त्याने सांगायचा. आजच्या एआयचा हा आजोबाच म्हणा. निकाल 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये छापून आला. कॉम्प्युटरचं निदान ९१.८ टक्के वेळा बरोबर, तर तिथल्या सर्वांत अनुभवी डॉक्टरांचं ७९.६ टक्के.

लोक एवढंच लक्षात ठेवतात. पण त्याच प्रयोगातून आणखी एक गोष्ट पुढे आली, ती मला जास्त महत्त्वाची वाटते. प्रयोग सुरू असताना डॉक्टरांचं स्वतःचं निदानही सुधारलं आणि प्रयोग थांबल्यावर पुन्हा खाली घसरलं. कारण साधं होतं. प्रयोगाच्या काळात प्रत्येक रुग्णाचा ठरलेला फॉर्म भरला जात होता, नंतर खरं काय निघालं ते त्याच्याशी ताडून बघितलं जात होतं आणि ते डॉक्टरांना कळतही होतं. म्हणजे कॉम्प्युटरइतकंच काम मोजण्यानेही केलं.

हे 'मोजणं' लक्षात ठेवा. पुढची सगळी गोष्ट त्याच्याभोवती आहे.

आता तेरा वर्षं पुढे आणि समुद्रापलीकडे जाऊ, अमेरिका आणि कॅनडात. कॅन्सरवर किरणांचा उपचार करणारं 'थेरॅक-२५' नावाचं मशीन तिथे आलं होतं. बनवणारी कंपनी 'ॲटॉमिक एनर्जी ऑफ कॅनडा लिमिटेड', म्हणजे कॅनडा सरकारचीच. एकूण अकरा मशीन बसवली, पाच अमेरिकेत आणि सहा कॅनडात. यात एआय नव्हतं, साधं सॉफ्टवेअर होतं. पण रुग्णाला किती किरण द्यायचे, हे पहिल्यांदाच जवळजवळ पूर्णपणे सॉफ्टवेअरच्या भरवशावर सोडलं होतं. म्हणून एआयची चर्चा करताना आजही त्याचं नाव निघतं.

आधीच्या 'थेरॅक-२०' मॉडेलमध्ये चुकीच्या स्थितीत किरण सुटू नयेत म्हणून वेगळी यांत्रिक कुलपं होती. सॉफ्टवेअर काहीही म्हणो, कुलूप बसलं नसेल तर मशीन चालणारच नाही. नव्या मॉडेलमध्ये ती कुलपं काढून टाकली. ते काम सॉफ्टवेअर करेल असं ठरलं.

जून १९८५, जॉर्जिया राज्यातलं मॅरिएटा. स्तनाच्या कॅन्सरवर उपचार घेणारी ६१ वर्षांची बाई टेबलावरूनच म्हणाली, तुम्ही मला भाजलंत. उत्तर मिळालं, असं होऊच शकत नाही. जुलैमध्ये कॅनडातल्या हॅमिल्टनला मशीन पुन्हापुन्हा थांबत होतं आणि 'डोस गेला नाही' असं दाखवत होतं. ऑपरेटर पुढे चालू ठेवायचं बटण दाबत राहिला. रुग्णाला मात्र जबर मात्रा बसली होती. कंपनीने तपासलं, बिघाड पुन्हा घडवून दाखवता आला नाही, तरी एका छोट्या स्विचवर ठपका ठेवला आणि तो सुधारल्यावर मशीन कित्येक पटींनी सुरक्षित झाल्याचं सांगितलं. डिसेंबरमध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या याकिमा गावी तिसरा प्रकार झाला. तिथल्या रुग्णालयाने कंपनीला पत्र लिहिलं. कंपनीने उलट पत्रात जास्त डोस जाणं कसं अशक्य आहे, याची तांत्रिक कारणं दिली. वर असंही लिहिलं की असा प्रकार दुसरीकडे कुठेच घडलेला नाही.

तोवर जॉर्जियातली बाई कोर्टात गेली होती. हॅमिल्टनचा प्रकार कंपनीला पूर्ण माहीत होता. पण याकिमावाल्यांना जॉर्जियाचं माहीत नव्हतं. प्रत्येक रुग्णालयाला वाटत होतं, हे फक्त आपल्याकडेच झालंय, कदाचित आपलीच चूक असेल.

मग आली २१ मार्च १९८६ ची तारीख. टेक्सासमधलं टायलर. एका रुग्णाची उपचाराची नववी पाळी होती. ऑपरेटर बाई अनुभवी, हात झरझर चालायचा. 'ई' टाइप करायचं तिथे सवयीने 'एक्स' पडलं. तिने बाणाच्या बटणाने वर जाऊन ते दुरुस्त केलं आणि उपचार सुरू केला. ही दुरुस्ती आठ सेकंदांच्या आत झाली. मशीनमधल्या चुंबकांची जुळणी व्हायला आठ सेकंद लागायचे आणि त्या वेळात केलेला बदल सॉफ्टवेअरला कळलाच नाही. पडद्यावर सगळं बरोबर, आत सगळं चुकीचं.

मशीन थांबलं. पडद्यावर आलं, 'मालफंक्शन ५४'. म्हणजे काय, हे पुस्तिकेत धड लिहिलेलंच नव्हतं. नंतर कंपनीच्या माणसाने सांगितलं, त्याचा अर्थ डोस एकतर जास्त गेला किंवा कमी गेला. पडद्यावरच्या आकड्यांप्रमाणे २०२ पैकी फक्त ६ युनिट गेले होते. या मशीनवर असले संदेश रोजचेच, एकेका दिवसात चाळीससुद्धा यायचे. तिने पुढे चालू ठेवायचं बटण दाबलं.

आत रुग्णाला पाठीत विजेचा झटका बसल्यासारखं झालं. तो उठायला गेला तेवढ्यात दुसरा झटका बसला. त्या दिवशी खोलीतला कॅमेरा जोडलेला नव्हता आणि आवाज ऐकायची यंत्रणा बिघडलेली होती. त्याने दार बडवलं तेव्हा बाहेर कळलं. ठरलेला डोस १८० रॅड. नंतरचा अंदाज १६,५०० ते २५,००० रॅड, तोही शरीराच्या एका छोट्या जागेवर. पाच महिन्यांनी तो गेला.

कंपनीचे इंजिनिअर आले. दिवसभर तपासलं, काही सापडलं नाही. जास्त डोस अशक्य, विजेचा झटका असेल, असं सांगून गेले. रुग्णालयाने विजेची तपासणी वेगळी करून घेतली, तीही स्वच्छ निघाली. ७ एप्रिलला मशीन पुन्हा सुरू झालं. ११ एप्रिलला त्याच बाईच्या हातून, त्याच पद्धतीने, दुसरा रुग्ण भाजला. तीन आठवड्यांत तोही गेला.

यानंतर जे घडलं ते मला या सगळ्या गोष्टीतलं सर्वांत मोलाचं वाटतं. रुग्णालयाच्या भौतिकशास्त्रज्ञाने त्याच दिवशी मशीन बंद केलं आणि त्या ऑपरेटर बाईला शेजारी बसवलं. तिला आठवत होतं, आपण नेमकं काय टाइप केलं होतं. दोघांनी तेच पुन्हापुन्हा करून बघितलं. शेवटी सापडलं. दुरुस्ती झपाट्याने केली तरच बिघाड होतो. कंपनीच्या इंजिनिअरांना न सापडलेली चूक ती सापडली रोज मशीनवर बसणाऱ्या बाईच्या आठवणीतून, आणि तिचं ऐकून घेणारा एक माणूस तिथे होता म्हणून.

कंपनीने तातडीचा उपाय काय पाठवला माहितेय? वर जायच्या बाणाचं बटण कीबोर्डवरून काढा आणि आतल्या संपर्काला चिकटपट्टी लावा! धोका काय, तो किती मोठा, याबद्दल त्या पत्रात नीट काहीच नव्हतं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, म्हणजे तिथल्या 'एफडीए'ने, ते पत्र अपुरं ठरवलं आणि मे १९८६ मध्ये मशीन सदोष जाहीर केलं. तरी जानेवारी १९८७ मध्ये याकिमाला सहावा प्रकार झाला, तो सॉफ्टवेअरमधल्या दुसऱ्याच चुकीमुळे. त्यानंतर कुठे वापर थांबवायला सांगितलं गेलं आणि काढून टाकलेली कुलपं पुन्हा बसवायचं ठरलं.

अजून एक धक्का बाकी होता. टायलरमधली तीच सॉफ्टवेअरची चूक जुन्या थेरॅक-२० मध्येही होती! शिकागो विद्यापीठात नवशिके विद्यार्थी त्या मशीनवर बसले की फ्यूज उडायचा. बस्स, तेवढंच. फ्यूज उडाला, मशीन थांबलं, कोणाला काही झालं नाही. चूक तीच, पण तिच्यापुढे कुलूप होतं.

या काळात एक गोष्ट हळूच बदलली. थेरॅक वापरणारी रुग्णालयं एकत्र आली, आपला गट केला आणि एकमेकांना माहिती द्यायला लागली. कंपनीला जाब विचारायचं बळ तिथून आलं. कायद्याच्या बाजूने बघितलं तर १९८४ पासून अमेरिकेत उत्पादकाने अपघात कळवणं बंधनकारक होतं, रुग्णालयाने मात्र नव्हतं. म्हणजे ज्याचं नुकसान होणार त्यानेच तक्रार नोंदवायची. १९९० च्या कायद्याने ते बदललं. उपकरणामुळे मृत्यू झाला किंवा गंभीर इजा झाली तर रुग्णालयाने कळवलंच पाहिजे, असं ठरलं.

तुम्ही म्हणाल, हे सगळं अमेरिकेचं. मग तेच १९८६ साल आपल्या मुंबईत कसं होतं ते आठवा. जानेवारी-फेब्रुवारीत जे. जे. रुग्णालयात १४ रुग्ण गेले. मेंदूतला किंवा डोळ्यातला दाब कमी करायला दिलेल्या ग्लिसरॉलमध्ये डायथिलीन ग्लायकोल हे विष होतं. औषधी म्हणून दिलेलं ग्लिसरॉल औद्योगिक प्रतीचं निघालं. न्यायमूर्ती लेंटिन आयोग बसला आणि खरेदीपासून तपासणीपर्यंत साखळी कुठे कुठे सडली होती, ते त्याने उघड केलं. तिथे कॉम्प्युटर नव्हता, एआय नव्हतं. पण आजाराला उतार पडत असलेले रुग्ण मूत्रपिंड निकामी होऊन जाताहेत, हे कोणाच्या तरी लक्षात आलं आणि त्याने ते लावून धरलं, म्हणून पुढचं थांबलं. टेक्सासमध्ये आणि भायखळ्यात, एकाच वर्षी, धडा एकच होता. वस्तू पास झाली म्हणजे काम संपलं नाही. ती माणसाला लागू झाल्यावर काय होतंय, हे बघणारा कोणीतरी हवा.

आता म्हणाल, तेव्हाचं तेव्हा, आजचं एआय हुशार आहे. मग पुढचे तीन दाखले बघा.

पहिला. १९९८ मध्ये अमेरिकेत मॅमोग्राफीच्या फिल्मवर संशयित जागा दाखवणाऱ्या कॉम्प्युटरला परवानगी मिळाली. ठिकठिकाणी तो बसवला गेला. २००७ साली ४३ केंद्रांतल्या २ लाख २२ हजार स्त्रियांची माहिती तपासून अभ्यास आला. कॉम्प्युटर आल्यावर कॅन्सर सापडण्यात खात्रीने म्हणावी अशी वाढ नव्हती. पण निरोगी बाईला 'संशय आहे' म्हणून पुन्हा बोलावण्याचं प्रमाण वाढलं आणि सुईने तुकडा काढून तपासण्याचं प्रमाण जवळपास २० टक्क्यांनी वाढलं. परवानगीनंतर नऊ वर्षांनी हा हिशेब लागला.

दुसरा. जंतुसंसर्गाला शरीराने दिलेला प्रतिसाद बिघडून अवयव निकामी व्हायला लागतात, त्याला सेप्सिस म्हणतात. त्याचा आधीच इशारा देणारं 'एपिक' कंपनीचं मॉडेल अमेरिकेतल्या शेकडो रुग्णालयांत चालू होतं. मिशिगन विद्यापीठाच्या डॉक्टरांनी आपल्याच २७,६९७ रुग्णांवर ते ताडून बघितलं आणि २०२१ मध्ये निकाल छापला. सेप्सिस झालेल्यांपैकी ६७ टक्के त्याच्या नजरेतून सुटले होते. तरीही भरती झालेल्यांपैकी १८ टक्के वेळा त्याने इशारा दिला होता. म्हणजे लांडगा आला रे आला म्हणून ओरडणार आणि खरा लांडगा आला की बहुतेक वेळा गप्प बसणार. इथे टायलरच्या ऑपरेटरचे रोजचे चाळीस संदेश आठवा.

तिसरा आपल्याला सर्वांत जवळचा. गुगलने डोळ्याचा पडदा तपासणारं एआय तयार केलं. प्रयोगशाळेत ते तज्ज्ञांच्या तोडीचं ठरलं. २०१८-१९ मध्ये थायलंडमधल्या अकरा दवाखान्यांत ते वापरून बघितलं. तिथे नर्सेस फोटो काढत होत्या. खोलीत पुरेसा अंधार नाही, इंटरनेट रखडतंय, रांग वाढतेय. पाचातला एक फोटो 'दर्जा बरा नाही' म्हणून सिस्टिमने परत केला. अशा रुग्णांना दुसऱ्या दवाखान्यात पाठवायचं, म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडाली. सॉफ्टवेअर चुकीचं नव्हतं. ते आपल्या जागेवर बरोबर होतं आणि दवाखाना त्याच्या जागेवर.

या कंपनीचं कौतुक एवढ्यासाठी, की त्यांच्या माणसांनी तिथे जाऊन बघितलं आणि जे दिसलं ते छापलं. असं किती जण करतात?

आता आपल्या घरचं बघू. कायदा नाही, असं नाही. वैद्यकीय उपकरण नियम २०१७ मध्ये आले. फेब्रुवारी २०२० च्या अधिसूचनेने रोगनिदान करणारं सॉफ्टवेअरही 'उपकरण' या व्याख्येत आलं, ते १ एप्रिल २०२० पासून लागू आहे. आयसीएमआरने २०२३ मध्ये आरोग्यातल्या एआयसाठी नैतिक मार्गदर्शक तत्त्वं काढली, पण ती तत्त्वं आहेत, कायदा नव्हे. उपकरणांमुळे झालेली इजा नोंदवायला 'मटेरिओव्हिजिलन्स' नावाचा राष्ट्रीय कार्यक्रम जुलै २०१५ पासून आहे आणि त्याचं केंद्र गाझियाबादला आहे. हे नाव तुम्ही पहिल्यांदा ऐकत असाल, तर खरी अडचण तीच आहे.

दुसरीकडे, एआयची गरज नाही असं मी अजिबात म्हणत नाही. क्षयरोगाचा एक्स-रे वाचायला तालुक्यात रेडिओलॉजिस्ट नसतो, हे आपण रोज बघतो. जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२१ मध्ये क्षयरोगाच्या तपासणीसाठी कॉम्प्युटरने एक्स-रे वाचायला मान्यता दिली. असं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपन्यांत मुंबईची 'क्युअर डॉट एआय' जगभर ओळखली जाते, याचा मला अभिमानच आहे. पण त्या शिफारशीत एक अट होती. ती १५ वर्षं आणि त्यावरच्या वयासाठी होती. आपल्याकडच्या शिबिरात फिल्म काढणाऱ्या पोराला ही अट कोणी सांगितली आहे का? बारा वर्षांची मुलगी रांगेत आली आणि मशीनने 'नॉर्मल' म्हटलं, तर तिची आई घरी जाणार की डॉक्टरकडे?

वीसेक वर्षं तालुक्याच्या बातम्या करतोय. पत्रकारितेच्या डिप्लोमात पहिल्याच आठवड्यात सहा ककार शिकवतात. कोण, काय, कुठे, केव्हा, का, कसं. तेच घेऊन मी मध्यंतरी जिल्ह्यातल्या एका सरकारी रुग्णालयात उपकरणांची नोंदवही बघायला मागितली. वही होती आणि नीट ठेवलेली होती. मशीन कधी बंद पडलं, कंपनीला कधी कळवलं, माणूस कधी आला, सगळे रकाने भरलेले. पण मशीन चालू असताना चुकीचं सांगून गेलं, तर ते लिहायला रकानाच नव्हता.

सगळा मुद्दा इथे आहे. बंद पडलेलं मशीन कोणालाही दिसतं. चालू असलेलं चुकतं ते फक्त रुग्णाला कळतं, आणि तेही उशिरा. थेरॅक-२५ चा पडदा शेवटपर्यंत चालूच होता.

मग करायचं काय? दिल्लीच्या कायद्याची वाट बघत बसायची गरज नाही. प्रत्येक सरकारी रुग्णालयात रुग्ण कल्याण समिती असते. तिच्या बैठकीत एवढे पाच प्रश्न विचारून इतिवृत्तात उत्तर मागता येतं:

१. आपल्याकडे निदान सांगणारं कोणतं सॉफ्टवेअर वापरात आहे, आणि ते कोणत्या वयासाठी, कोणत्या आजारासाठी मंजूर आहे?

२. मशीनने 'नॉर्मल' म्हटलेल्यांपैकी काही फिल्म महिन्यातून एकदा तरी डॉक्टर स्वतः पुन्हा बघतात का? किती चुकल्या, ते लिहून ठेवतात का?

३. मशीनवर बसणाऱ्या टेक्निशियनला किंवा नर्सला 'हे चुकतंय' असं वाटलं, तर ते कोणाला सांगायचं? त्या माणसाचं नाव भिंतीवर लावलंय का?

४. मशीनचं म्हणणं डॉक्टरला नाकारता येतं का, आणि नाकारलं तर त्याची नोंद होते का?

५. रुग्णाला कागदावर कळतं का, की हे आधी कॉम्प्युटरने वाचलं आहे?

पाचही प्रश्नांना पैसे लागत नाहीत. एक वही लागते, एक जबाबदार माणूस लागतो. समितीने दाद दिली नाही, तर माहितीचा अधिकार आहेच.

लीड्समध्ये मोजत होते तोवर डॉक्टरही सुधारले. टायलरमध्ये एका बाईचं ऐकलं म्हणून चूक सापडली. याकिमाला शेजारचं कळलं नाही म्हणून ती पुन्हा घडली. आपल्याकडे मशीन येतेच आहे, काही ठिकाणी आलीही आहे. वही अजून आलेली नाही.

तुमच्या तालुक्यातल्या रुग्णालयात ती आहे का, एवढं विचारून बघा आणि इथे लिहा. जिथे आहे, तिथल्या लोकांचं नाव घेऊन कौतुक करू. जिथे नाही, तिथला प्रश्न पुढच्या बैठकीच्या आधी मीही लावून धरीन.